गाण्याखालचं नाव आणि कराराखालची सही

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघांचा रॉक बँड, बहुतेक गाणी गिटारवाला घरून लिहून आणतो, बाकीचे तिघे तालमीत ती उभी करतात. आता एका लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा, करार समोर आला आहे. गीतलेखनाचं क्रेडिट कोणाला आणि किती द्यायचं? आणि लेबल गाण्यांत कितपत हात घालेल?

हे दोन प्रश्न एकाच दोरीची दोन टोकं आहेत. लेबलला बँडवर दाब आणायचा असतो तेव्हा त्याला सगळ्यात सोयीची जागा सापडते ती क्रेडिटच्या ओळीत. म्हणून आधी पैशाची वाट समजून घ्या.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. रचना लिहिणाऱ्याची, मास्टर बहुधा लेबलचा. बँडने वाजवल्याबद्दलची रॉयल्टी मास्टरच्या कमाईतून येते आणि ती हातात पडण्याआधी लेबलकडून घेतलेली उचल फिटावी लागते. ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतलेली उचल जशी हंगामभर अंगावर राहते, तशीच ही. स्टुडिओचं भाडं, प्रोड्यूसरचे पैसे, व्हिडिओचा खर्च, टूरला दिलेली मदत, सगळं त्याच वहीत चढतं. रचनेची रॉयल्टी मात्र, करारात उलटं लिहिलेलं नसेल तर, पहिल्या प्रतीपासून सुरू होते.

अमेरिकेतलं उदाहरण घेऊ, कारण तिथे प्रतीमागचा दर कायद्याने ठरलेला असतो. पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला २००६ ते २०२२ या काळात तो ९.१ सेंट होता. २०२३ मध्ये १२ सेंट झाला आणि पुढे महागाईच्या हिशेबाने वाढतो आहे. ९.१ च धरू. दहा गाण्यांचा अल्बम, एक लाख प्रती, दहाही गाणी एकाच्याच नावावर: ९१,००० डॉलर. लेबल बहुतेकदा पूर्ण दराऐवजी पाऊण दर करारात घालतं, म्हणजे ६८,२५०. यातून प्रकाशकाचा (रचनेचे हक्क सांभाळून पैसे वसूल करणाऱ्या कंपनीचा) वाटा गेला तरी बरीचशी रक्कम लिहिणाऱ्याकडे राहते. आता बँडचा खिसा पाहू. प्रोड्यूसरचा वाटा वजा जाऊन प्रतीमागे सव्वा डॉलर रॉयल्टी धरली तर सव्वा लाख डॉलर जमा. उचल दोन लाखांची असेल तर अजून ७५,००० अंगावर. म्हणजे त्याच अल्बमवर गिटारवाल्याला घराचं डाउन पेमेंट आणि ड्रमरला शून्य. व्हॅनमधून प्रवास मात्र दोघांनी सारखाच केलेला.

बँड फुटण्यामागे ‘कलात्मक मतभेद’ असं जे छापून येतं, त्याच्या तळाशी पुष्कळदा हा हिशेब असतो. शिवाय तो कलेतही शिरतो. अल्बममध्ये कोणाचं गाणं घ्यायचं हा प्रश्न मग चांगलं-वाईट एवढ्यावर सुटत नाही, कारण प्रत्येक गाण्याला रोख किंमत चिकटलेली असते. क्वीन या ब्रिटिश बँडचं १९७५ चं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ही फ्रेडी मर्क्युरीची रचना. तिच्या सिंगलच्या, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ होतं. सिंगल विकली की दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखेच पैसे, मग लोकांनी मागची बाजू एकदाही वाजवलेली नसो. त्यावरून बँडमध्ये बरीच धुसफूस झाली. १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी सगळी गाणी ‘क्वीन’ या एकाच नावावर टाकली. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या आर.ई.एम. या बँडने चौघांची नावं गाण्याखाली सारख्या हक्काने घालण्याची रीत आधीपासूनच ठेवली होती. यात साधुपणा कमी आणि व्यवहार जास्त आहे: कुठलंही गाणं निवडलं तरी कोणाच्याही खिशाला फरक पडत नाही, त्यामुळे निवड गाण्यावरून होते.

याच्या उलट टोक पाहायचं तर क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. क्रेडिट आणि लेबल या दोन्ही बाबतींत इतकं शिकवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलतो.

कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोचे हे चौघे: जॉन फोगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड. फँटसी या छोट्या, मुळात जॅझच्या लेबलने त्यांना घेतलं आणि १९६४ मध्ये त्यांना न विचारता त्यांचं नाव ‘गॉलिवॉग्ज’ करून टाकलं. लेबलचा प्रभाव म्हणतात तो असा नावापासून सुरू झाला. १९६७ मध्ये सॉल झेंट्झने फँटसी विकत घेतली, नवं नाव आलं, आणि १९६९ या एका वर्षात बँडने तीन अल्बम काढले. जवळजवळ सगळं लेखन, गायन आणि मांडणी जॉनची. क्रेडिटमध्ये त्याचं नाव ठळक, त्याबद्दल कोणाचा वादही नव्हता. पण त्या गाण्यांची मालकी फँटसीच्या प्रकाशन कंपनीकडे गेली होती. नाव त्याचं, सातबारा दुसऱ्याचा.

आतून वेगळीच कुरकुर चालू होती. बाकीच्यांना निर्णयात वाटा हवा होता. टॉम १९७१ मध्ये बाहेर पडला. उरलेल्या तिघांचा ‘मार्डी ग्रा’ १९७२ च्या एप्रिलमध्ये आला. त्यात कुक आणि क्लिफर्डने स्वतः लिहिलेली आणि स्वतः गायलेली सहा गाणी आहेत, जॉनची तीन आणि एक जुनं दुसऱ्याचं. ही वाटणी कोणी लादली यावर दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. परिणाम मात्र रेकॉर्डवर ऐकू येतो, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये बँड संपला. माझ्या मते चूक वाटणी करण्यात नव्हती; काय वाटायचं यात होती. पैसे आणि मतं वाटता येतात. ते न करता त्यांनी गाणी लिहिण्याचं काम समान वाटलं, जे वाटण्यासारखं नसतं.

पुढचा भाग जास्त कडू. जॉनला फँटसीला अजून गाणी देणं लागत होतं. त्या करारातून सुटण्यासाठी १९८० मध्ये त्याने क्रीडन्सच्या ध्वनिमुद्रणांवरची आपली कलाकार-रॉयल्टी सोडून दिली. १९८४ च्या अखेरीस दुसऱ्या लेबलवर त्याचं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ आलं आणि फँटसीने दावा ठोकला: हे गाणं आमच्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे. ते ‘आमचं’ गाणं लिहिलं होतं फोगर्टीनेच. १९८८ मध्ये त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन दोन्ही गाणी वाजवून दाखवली आणि ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. वकिलांचा खर्च मिळावा म्हणून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९९४ मध्ये तिथेही जिंकला, आणि शेवटी सुमारे साडेतेरा लाख डॉलर खर्चापोटी मंजूर झाले. २००४ मध्ये कॉन्कॉर्ड या कंपनीने फँटसी घेतल्यावर कलाकार-रॉयल्टी परत सुरू झाली. गाण्यांच्या जागतिक प्रकाशनहक्कातला मोठा हिस्सा त्याच्या हाती आला तो २०२३ मध्ये, लिहिल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी.

तेव्हा करार वाचताना ‘क्रेडिट कोणाला’ या ओळीवर समाधान मानू नका. प्रकाशनहक्काचं कलम शोधा. प्रकाशकाने फक्त वसुली आणि नोंदणी करून १० ते २० टक्के घेणं हा एक प्रकार. मालकीतला अर्धा भाग त्याला देऊन एकूण कमाईचे सुमारे ७५ टक्के लिहिणाऱ्याकडे राहणं हा दुसरा. आणि मालकी पूर्ण लिहून देणं हा तिसरा. लेबल स्वतःच प्रकाशकही असेल तर एक वाक्य डोळ्यांत तेल घालून शोधायचं: एका खात्यातली थकबाकी दुसऱ्या खात्यातून वळती करण्याची मुभा. ते वाक्य राहिलं की वर सांगितलेला सगळा हिशेब कोलमडतो. रेकॉर्डिंगची उचल गाण्याच्या रॉयल्टीतून कापली जाते आणि लिहिणाराही ड्रमरच्याच रांगेत येऊन बसतो.

आता ‘तालमीत गाणं उभं करणं’ म्हणजे लिहिणं का? कायद्याचं उत्तर बहुतेक वादकांना आवडत नाही. स्पँडाऊ बॅले या बँडच्या तिघांनी आपलाच गिटारवाला गॅरी केम्प याच्यावर लंडनमध्ये खटला भरला, त्याचा निकाल १९९९ चा. केम्प गाणी घरी रचून आणायचा आणि गिटारवर वाजवून दाखवायचा. बाकीच्यांनी त्यात पुष्कळ भर घातली, स्टीव्ह नॉर्मनचं सॅक्सोफोन तर लोकांना आजही आठवतं. कोर्टाने म्हटलं, हे सादरीकरण आहे, रचना नव्हे. खोलीत आलं तेव्हा गाणं पूर्ण होतं. प्रकाशनाच्या उत्पन्नातला वाटा काही वर्षं बाकीच्यांपर्यंत पोचत होता, पुढे तो बंद झाला. त्यामागे पक्का तोंडी करार होता, हा दावाही टिकला नाही.

प्रोकोल हॅरम या बँडच्या ऑर्गनवादक मॅथ्यू फिशरचं मात्र उलटं झालं. ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’मधली १९६७ ची ती ऑर्गनची ओळ त्याची. ती स्वतंत्र, गुणगुणता येणारी धून आहे. गाण्याच्या सुरुवातीला येते, मध्ये परत येते आणि शब्द-चालीइतकीच ओळखीची आहे. २००५ मध्ये त्याने दावा केला, पहिल्या कोर्टाने संगीतातला ४० टक्के हिस्सा दिला, अपिलात तो गेला आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने परत दिला. पैसे मात्र दाव्यापासून पुढचेच. आधीची जवळजवळ चार दशकं गेली ती गेलीच. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कसोटी कळते. चाल, शब्द किंवा स्वतंत्र उभी राहणारी धून दिली असेल तर दावा होतो. ताल घट्ट केला, रिफला (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्याला) वजन दिलं, सोलो झकास वाजवला, यावर होत नाही. गाणं चालण्यात त्याचा वाटा निम्मा असेल, तरीही.

कायदा इतका कोरडा असल्यामुळे तोंडी समजुतीवर राहायचं नाही. द स्मिथ्स या इंग्लिश बँडमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं. गायक मॉरिसी आणि गिटारवाला मार यांना ४०-४० आणि उरलेल्या दोघांना १०-१० टक्के अशी प्रत्यक्षातली वाटणी होती. १९९६ मध्ये ड्रमर माइक जॉइसने कोर्टात २५ टक्के मिळवले, कारण इंग्लंडच्या १८९० च्या भागीदारी कायद्यानुसार दुसरं काही ठरलेलं नसेल तर भागीदार सारखे. हे पैसे ध्वनिमुद्रण आणि सादरीकरणाचे; गीतलेखन मॉरिसी-मार यांचंच राहिलं. बेसिस्ट अँडी रूर्क आधीच १० टक्के आणि ८३,००० पौंडांवर तडजोड करून बसला होता. वेळ चुकण्याचा आणखी एक प्रकार ‘निर्वाणा’ या बँडचा. आधी सारखी असलेली वाटणी गायक कर्ट कोबेनने ‘नेव्हरमाइंड’ अल्बम गाजल्यानंतर बदलून मागितली: शब्द पूर्ण त्याचे, संगीताचे ९० टक्के त्याचे, तेही मागच्या तारखेपासून. लिहिण्याचं बहुतेक काम त्याचं होतं हे कोणी नाकारत नाही, पण यश आल्यावर बदललेला आकडा कितीही न्याय्य असला तरी फसवणुकीसारखाच लागतो.

लेबलच्या हाताकडे वळू. ‘हा सूर बदला’ असं ते क्वचितच थेट सांगतं. त्याची साधनं वेगळी असतात. पहिलं साधन म्हणजे बाहेरचं गाणं. चीप ट्रिकने १९८८ मध्ये लेबलच्या आग्रहाखातर बाहेरच्या दोन लेखकांचं ‘द फ्लेम’ घेतलं आणि अमेरिकेत त्यांचा एकमेव पहिला नंबर त्याच गाण्याला मिळाला. त्याचे लेखनाचे पैसे बँडला शून्य. दुसरं साधन सहलेखक: १९८७ मध्ये गेफन लेबलच्या जॉन कॅलोडनरने एअरोस्मिथ बँडला डेस्मंड चाइल्ड या बाहेरच्या गीतलेखकाबरोबर बसवलं. तिथे स्टीव्हन टायलर आणि जो पेरीचं नाव राहिलं, वाटेकरी वाढला, आणि बँड पुन्हा उभा राहिला. मला यात लेबल दरवेळी खलनायक दिसत नाही. वाटा देऊन बाजार मिळत असेल तर तो सौदा आहे. फक्त सौद्याची किंमत आधी काढायला हवी, आणि ती करारातल्या एका कलमात लपलेली असते.

ते कलम म्हणजे स्वतःच्या गाण्यांवर पाऊण दर आणि पूर्ण अल्बमला दहा गाण्यांचीच कमाल मर्यादा. बारा गाण्यांचा अल्बम काढलात तरी लेखनाचे पैसे दहाचेच: ६.८२५ गुणिले १०, म्हणजे प्रतीमागे ६८.२५ सेंट. आता त्यातली दोन गाणी बाहेरची. बाहेरचा लेखक तुमच्या कराराने बांधलेला नाही, तो पूर्ण ९.१ घेणार. दोन गाण्यांचे १८.२ वजा झाले, उरले ५०.०५, आणि ते तुमच्या दहा गाण्यांत वाटायचे: गाण्यामागे जेमतेम ५ सेंट. म्हणजे लेबलने सुचवलेल्या गाण्यांचे पैसे तुमच्या गाण्यांतून गेले. सही करण्याआधी मागायचं ते असं: मर्यादा बारा किंवा तेरा गाण्यांची हवी, आणि लेबलच्या सांगण्यावरून घेतलेल्या बाहेरच्या गाण्याचा भार मर्यादेबाहेर हवा. पहिली मागणी लेबलं बऱ्याचदा मानतात. दुसरीला घासाघीस होते.

तिसरं साधन ‘समाधानकारक’ हा शब्द. अल्बम ‘तांत्रिकदृष्ट्या समाधानकारक’ असावा असं लिहिलं असेल तर आवाज स्वच्छ असणं पुरतं. ‘व्यावसायिकदृष्ट्या समाधानकारक’ असेल तर सिंगल ऐकू येत नाही म्हणून टेप परत येऊ शकते, आणि पुन्हा रेकॉर्डिंगचा खर्च उचलीत चढतो. २००१ मध्ये विल्को बँडचा ‘याँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ हा अल्बम रिप्रीझ या लेबलने बदल मागून नाकारला. बँडने बदल न करता मास्टर घेऊन बाहेरची वाट धरली आणि २००२ मध्ये तोच अल्बम नॉनसचने काढला. दोन्ही लेबलं एकाच मालक कंपनीची. तेव्हा नकार आल्यास ठरावीक मुदतीत मास्टर परत विकत घेण्याचा हक्क आणि त्याची रक्कम, दोन्ही करारात असू द्या.

सॅम्पलबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्याबद्दल, एवढंच: परवानगी आधी, रिलीज नंतर. द व्हर्व्हने १९९७ च्या ‘बिटर स्वीट सिंफनी’त रोलिंग स्टोन्सच्या गाण्याच्या वाद्यवृंदी आवृत्तीचा तुकडा घेतला आणि पूर्ण लेखनहक्क गमावला. रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टला तो २०१९ मध्ये परत मिळाला, आणि तोही स्टोन्सच्या जॅगर-रिचर्ड्स यांनी स्वखुशीने सोडला म्हणून.

पुण्या-मुंबईच्या बँडला इथला कायदा काय देतो, तेही पाहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत ही दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत, त्यामुळे टक्केवारीही दोन रकान्यांत लिहावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला बरोबरीचा हक्क लेबलला लिहून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी हे दोनच अपवाद. ‘सर्व रॉयल्टीचा त्याग’ असं वाक्य आजही करारांत सर्रास दिसतं. ते खोडायला सांगा. हस्तांतरण लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कायदा धरतो. म्हणूनच लेबलच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्व’ हे शब्द आठवणीने असतात. वादकांना सादरकर्ता म्हणून वेगळे हक्क आहेत, पण ते रचनेच्या क्रेडिटची जागा घेत नाहीत.

कवितांना चाल लावणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तिथे हक्कधारकांची परवानगी हवीच. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण एखाद्या आधुनिक संगीतकाराची लोकांच्या कानात बसलेली चाल सगळ्यांची नसते.

आता तुमच्या चौघांचं. निम्मं लिहिणाऱ्याला आणि निम्मं चौघांत समान, ही वाटणी मला बहुतेक बँडना परवडणारी वाटते: गिटारवाल्याला ६२.५, बाकीच्या तिघांना १२.५ प्रत्येकी. लिहिणाऱ्याला लिहिण्याचं बळ राहतं आणि ड्रमरला पुढच्या तालमीला यायचं कारण. नाव एकट्याचं आणि पैसे मात्र मागून वाटायचे, हा मार्ग परदेशात चालतो. भारतात तो जपून, कारण रॉयल्टीचा हक्कच दुसऱ्याच्या नावे करण्यावर वरची बंधनं आहेत. तिघांचा संगीतात खरोखर हातभार असेल तर त्यांना सुरुवातीपासून सहसंगीतकार म्हणून नोंदवणं स्वच्छ. नसेल तर वाटप बँडच्या खात्यातून कसं करायचं याचा मसुदा वकिलाकडून करून घ्या.

कागद एका पानाचा पुरतो. गाण्याचं नाव आणि तालमीतलं टोपणनाव, तारीख, पॅनवर आहे तसंच प्रत्येकाचं पूर्ण नाव, शब्दांचे टक्के, संगीताचे टक्के, आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे) सदस्य असाल तर आयपीआय क्रमांक (लेखकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), सॅम्पल किंवा कविता वापरली असल्यास तिचा तपशील, चौघांच्या सह्या. तो डेमो झाल्या दिवशी भरायचा, मिक्सिंगच्या वेळी नाही. तोवर प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवायला लागलेला असतो. गिटारवाल्याने घरी फोनवर केलेलं पहिलं रेकॉर्डिंग पुसू नये. ‘खोलीत आलं तेव्हा गाणं किती पूर्ण होतं’ याचा तोच पुरावा. बँड सोडणाऱ्याचा जुन्या गाण्यांतला वाटा त्याच्याकडे राहतो, नव्या गाण्यांत त्याला नाही, हेही त्याच पानावर एका ओळीत लिहा.

आणि बेरीज तपासा. तिघांनी लिहिलेल्या गाण्यात ३३.३३ तीनदा लिहिलं की ९९.९९ होतात, एकाने ३३.३४ घ्यायचं आणि कोणी ते नावानिशी ठरवायचं. दोघांनी आपापल्या परीने वेगवेगळे आकडे नोंदवून बेरीज ११० झाली, तर वाद मिटेपर्यंत त्या गाण्याचे पैसे सगळ्यांचेच अडकून पडतात, ज्याचा वाटा निर्विवाद आहे त्याचेही.